विमलची कापलेली साक्ष

विमलचा श्वास थांबला तेव्हा तिच्या कानाशी तिचाच आवाज चालू होता. "मला लई बरं वाटतंय, साखर खाली आली," असं ती फोनातून म्हणत होती आणि इथं खाटेवर तिचं तोंड उघडं पडलं होतं. फोन तिच्या मुलानं, सुधीरनं धरला होता. टीव्हीवरच्या एका उपदेशकाच्या माणसांनी त्याला फोनवरून सांगितलं होतं, की आईला तिची साक्ष ऐकव, तिचा विश्वास जागा होईल. नर्स म्हणाली, "ते बंद करा हो जरा." त्यानं केलं नाही. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, छातीला नळी लावली आणि मान हलवली. फोनात लोक टाळ्या वाजवत होते. शेवटी मी हात घालून तो बंद केला. भर दुपार होती. वॉर्डात सगळे आमच्याकडे बघत होते... बघू दे म्हटलं.

विमल माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन छावणीतल्या आमच्या घरात आली तेव्हा ती दहावी शिकलेली होती आणि मी चौथी. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या भाकरीला जाड म्हटलं आणि मी तिच्या चहाला पाणचट. पुढं जन्मभर ती जाड भाकरी खात राहिली आणि मी पाणचट चहा पीत राहिले. मी मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाक करायची, ती बालवाडी चालवायची. आम्ही ख्रिस्ती. चर्चला आमच्या घरात अजून देऊळच म्हणतात. त्या देवळात ती पेटी वाजवायची आणि गायची. तिच्या आवाजाचं कौतुक सगळ्यांनी केलं आहे, मी वेगळं करत नाही. मला तिची दुसरी गोष्ट माहीत होती, की तिला खोटं बोलताच येत नव्हतं. तिचा नवरा वारला तेव्हा एक नातेवाईक बाई येऊन गळा काढून रडायला लागली, तर ही म्हणाली, "वन्सं, तुमचं त्यांचं पटत नव्हतं. रडू नका, चहा घ्या." असली बाई. तिला मारलं ते तिच्या ह्याच खरेपणानं, ते कसं, तेच सांगायला मी बसले आहे.

दोघी विधवा झालो, दोघींना साखरेचा आजार झाला. आधी मला, मग तिला. फ्रिजच्या दारात दोघींची इन्सुलिनची औषधं शेजारी असायची. तिला सुईची भीती, म्हणून रोज सकाळी मीच तिला टोचायची. ती पलंगावर डोळे मिटून पडायची.

"आक्का, झालं का?"

"अजून लावली पण नाय."

"मग दुखतंय कशाला?"

"तुझ्या जिभेला इलाज नाय, पोटाला तेवढा आहे."

असं चालायचं. लोकांना वाटतं जावाजावांत भांडणंच होतात. आमच्यात पण व्हायची, पण सुई चुकली नाही.

तिचे गुडघे गेले आणि देवळात जाणं कमी झालं. मग टीव्हीवरचे उपदेश आले, नंतर सुधीरनं मोठा फोन घेऊन दिला. मी फोनाच्या विरुद्ध नाही. रोगाच्या साथीत देवळाला कुलूप होतं तेव्हा आमच्या पाळकांनी फोनवरूनच उपासना घेतली, आणि त्या दिवशी मी, जी सहसा रडत नाही, पदरानं डोळे पुसले. पण ते आमचे पाळक होते. माझ्या नवऱ्याला त्यांनी माती दिली होती. त्यांचा उपदेश पटला नाही तर दारात गाठून मी त्यांना विचारू शकते, आणि विचारते. हा दुसरा, पांढऱ्या सुटातला, ज्याचं नाव मी लिहिणार नाही कारण त्याला तेवढंच पाहिजे असतं... तो म्हणायचा, "काचेवर हात ठेवा, शक्ती येते आहे." विमल फोनाच्या काचेवर हात ठेवायची. मी भाजी निवडत बसलेली असायची. एकदा म्हटलं, "अगं, हात पूस आधी, तेलकट डाग पडतील." ती रागावली. म्हणाली, "आक्का, तुझा विश्वासच कमी." मी म्हटलं, "असेल. पण मी ज्याच्यावर विश्वास ठेवते, त्याला काच लागत नाय."

मग त्यानं उपास-प्रार्थना सांगितली. विमलनं उपास धरला, नुसत्या पाण्यावर. सुई मात्र चालू, कारण उपासाचं तिनं मला टोचून झाल्यावर सांगितलं. मी ओरडले, पण ती ऐकेना. साखर तपासली तर एकदम खाली. तिचे हात कापत होते, अंगाला घाम सुटला होता, आणि ही बया हसत म्हणते, "बघ, प्रभूनं साखर काढून घेतली." मी तिच्या तोंडात जबरदस्तीनं गूळ कोंबला. म्हटलं, "पोटात अन्नाचा कण नाय, वरून इन्सुलिन, साखर राहणार कुठं?" पण तिनं तो आकडा फोनवर त्यांना कळवून टाकला होता. लगेच त्यांचं बोलावणं आलं. जालना रोडला, चिकलठाण्याच्या अलीकडं एका मोठ्या हॉलमध्ये सभा आहे, तिथं येऊन साक्ष द्या.

आमच्यात साक्ष म्हणजे काय, ते बाहेरच्या वाचकांना सांगते. देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. ती थट्टा नव्हे, शपथेसारखी असते. आमच्या सासूबाईंच्या काळी मंडळीची एक रीत होती. कुणी म्हणालं मी बरा झालो, तर ती साक्ष लगेच घ्यायचे नाहीत. हंगामाच्या सणापर्यंत थांबायचे. त्या सणाला लोक नवं धान्य, कोंबड्या, अंडी देवळात आणतात, तेव्हा साक्षीसुद्धा आणायच्या. तोवर वडीलधारे घरी येऊन जायचे, विचारायचे, बघायचे. सासूबाई म्हणायच्या, ओली ज्वारी पोत्यात भरत नसतात, साक्षीचंही तसंच. तेव्हा मला वाटायचं, काय ही म्हातारी माणसं, देवाच्या कामाची सुद्धा चौकशी करतात. आता कळतं, त्यालाच पारख म्हणतात. ती करणारी माणसं देवावर कमी विश्वास ठेवत नव्हती. माणूस किती लवकर फसतो, हे त्यांना ठाऊक होतं.

विमलची ज्वारी ओलीच पोत्यात गेली. त्या हॉलमध्ये मी तिसऱ्या रांगेत होते. माझ्या कानांनी ऐकलं आहे. ती म्हणाली, "मला लई बरं वाटतंय, साखर खाली आली. इंजेक्शन चालू आहे, डॉक्टरांना विचारून कमी करीन." पांढऱ्या सुटानं माईक काढून घेतला आणि "हालेलुया" म्हणाला. पुढच्या आठवड्यात ते फोनवर आलं. त्यात इंजेक्शन नव्हतं, डॉक्टर नव्हता. "साखर खाली आली" आणि लगेच "हालेलुया". मधलं वाक्य शिवणीतून उसवावं तसं काढून टाकलेलं.

विमलनं ते पाहिलं. कपाळाला आठी घालून म्हणाली, "आक्का, मी डॉक्टरांचं म्हणाले होते ना?"

"म्हणाली होतीस."

"मग यात का नाय?"

"कारण त्यानं कापलं."

तिनं फोन उलटा करून ठेवला. पण फोनवर फोन यायला लागले. पैठणहून, बीडहून, कुठून कुठून बाया म्हणायच्या, ताई, तुमची साक्ष ऐकून बळ आलं. ती ते पुन्हा पुन्हा लावून बघायची. आणि हळूहळू... हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहिते... तिला फोनातलं खरं वाटायला लागलं आणि स्वतःला आठवत होतं ते खोटं. एके सकाळी मी सुई घेऊन गेले तर म्हणाली, "नको. मी डॉक्टरांचं म्हणालेच नसेन. आणि आता एवढ्या लोकांसमोर साक्ष दिलीय. सुई घेतली तर मी खोटी ठरंल. प्रभू खोटा ठरंल."

मी म्हटलं, "प्रभू तुझ्या सुईवर टेकून उभा नाय, विमल."

"तुला नाय कळायचं."

"मला एवढं कळतं, की त्या माणसानं तुझं वाक्य चोरलं आणि तू त्याची चोरी झाकायला मरायला निघालीस."

तिनं तोंड भिंतीकडं केलं. मी पाळकांना घेऊन आले, डॉक्टरकडं न्यायला रिक्षा दारात उभी केली, सुधीरला कंपनीतून बोलावलं. सुधीर म्हणाला, "मोठी आई, तिचा विश्वास मोडू नको." कुणाला धरून बांधून तर सुई देता येत नाही. पुढं पायाच्या बोटाला जखम झाली. ती तिनं मोजा घालून लपवली, कारण बरी झालेल्या बाईला जखम कशी होईल. मोज्यातून वास आला तेव्हा मला कळलं. दवाखान्यात नेलं तोवर ती शुद्धीत नव्हती.

माती झाली. सुधीरनं त्या नंबरवर कळवलं, की आई गेली, आता तिचा व्हिडिओ काढा. तिकडून उत्तर आलं, "घरात कुणीतरी अविश्वासी असेल, त्यामुळं आशीर्वाद टिकला नाही." पोरानं फोन ठेवला आणि माझ्या पायाशी बसून लहान लेकरासारखा रडला. मी त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, "तो अविश्वासी मीच. जाऊन सांग त्यांना, पत्ता पण दे."

व्हिडिओ निघाला नाही. मी पाळकांकडं गेले, म्हटलं, रविवारी देवळात हे सांगा. ते भले माणूस आहेत, पण घाबरले. म्हणाले, "आक्का, दिवस चांगले नाहीत. आपण थोडी माणसं. बाहेरचे हसतील, बोट दाखवतील." मी म्हटलं, "बाहेरचे हसतील म्हणून आतले मरू द्यायचे का?" ते चष्मा पुसत राहिले.

कदाचित मीही थकून गप्प बसले असते. पण एका संध्याकाळी विमलचा फोन वाजला. तो अजून चालूच ठेवला होता. पलीकडून एक बाई म्हणाली, "विमलताई, मी कन्नडची कुसुम. तुमचं ऐकलं अन् मी बी सुई सोडली. पण लई तहान लागती ओ, अन् डोळ्यापुढं अंधारी येती. हे सैतानाचं काम असंल ना?"

मी म्हटलं, "विमल मेली."

ती म्हणाली, "असं कसं? आत्ता तर फोनात बोलत होती."

त्या बाईला मी फोनवर काय समजावणार? तिथं फोनच तर देव झाला होता. तिच्याकडून एवढं वदवून घेतलं, की आत्ताच्या आत्ता शेजारणीला घेऊन दवाखाना गाठते. गेली नाही, हे मला सकाळी फोन केल्यावर कळलं. मी एसटीत बसले आणि कन्नडला उतरून विचारत विचारत तिचं घर काढलं. बाजारात भाजी विकणारी एकटी बाई, ओठ सुकलेले, घरात पाण्याचा हंडा उशाशी. मला बघून उठायला गेली तर भिंत धरली. मी विमलच्या मातीचा फोटो दाखवला. शवपेटीत ठेवलेला चेहरा तिनं कितीतरी वेळ बघितला.

"औषध घेतलं तर साक्ष मोडंल ना, आक्का? मी बी बोलून पाठवलंय त्यांना. परवाच."

"मग आज दुसरं बोलून पाठव. थांबा म्हणावं, माझी ज्वारी ओली आहे."

तिला काहीच कळलं नाही, पण हसली. दुपारची माझी सुई पिशवीत होती. मी तिच्यासमोर बसले, पोटाची कातडी चिमटीत धरली आणि टोचून घेतली. मग मोठ्यानं प्रार्थना केली, जशी रोज करते. म्हटलं, "बघ. सुई पण गेली आत आणि देव पण ऐकतोय. दोघांचं भांडण नाय. भांडण लावलंय ते कापणाऱ्यानं." शेजारणीला हाक मारून, दोघींनी मिळून तिला रिक्षात घातलं. दवाखान्यात तिला लगेच भरती करून घेतलं. डॉक्टर मला रागावले, त्यांना वाटलं मीच तिची घरची. मी ऐकून घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी साक्षीची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. पाळकांनी मान खाली घातली, पण मला थांबवलं नाही. मी म्हटलं, "माझ्या जावेची अर्धी साक्ष तुम्ही सगळ्यांनी फोनवर ऐकली. राहिलेली अर्धी मी देते." आणि दिली. इंजेक्शन, डॉक्टर, मोजा, सगळं. दोन बाया उठून गेल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "घरातल्या गोष्टी देवळात कशाला?" मी म्हटलं, "कारण देवळातली गोष्ट घरात येऊन माणूस घेऊन गेली." मग खाली बसले.

लोक मला अजून सांगतात, आक्का, सोडून द्या, देवाच्या सेवकाविरुद्ध बोलू नये. ज्याला प्रश्न विचारता येत नाही, त्याला मी सेवक मानत नाही. देवानं मला चौथीपर्यंतचीच अक्कल दिली, पण ती वापरू नको असं कुठं सांगितलेलं नाही. आणि विमलबद्दल कुणी म्हणत असेल की ती विश्वासात कमी पडली, तर त्यानं माझ्या तोंडावर येऊन म्हणावं. तिच्याएवढा विश्वास मी दुसरा पाहिला नाही. तो चुकीच्या दारात नेऊन ठेवला, इतकंच.

तो व्हिडिओ अजून चालू आहे. त्यात ती अजून बरी आहे.

खरी विमल छावणीच्या कब्रस्तानात आहे. कन्नडची कुसुम जिवंत आहे, आणि मी जिवंत आहे.