ब्रोकरबद्दल खरं तेच लिहा

चेन्नईत घर शोधणारी चार मराठी माणसं एका ऑफिसात जमली की किस्से आपोआप साठतात. घर तेवढं मिळत नाही.

आमच्यात सगळ्यात गरजू निखिल. त्याचं लग्न ठरलं होतं, पण साताऱ्याचे होणारे सासरे म्हणत, "आधी घर बघा, मग तारीख काढू." आणि इथले घरमालक म्हणत, "आधी लग्न करा, मग घर बघू." बॅचलरला कुणी दारात उभं करत नव्हतं.

माझं मत स्पष्ट होतं: या शहरात घरं भरपूर आहेत, कमी आहे ती खरी माहिती. म्हणून मी, निखिल आणि आमची टीममेट श्रुती यांनी एक साइट काढली. ब्रोकरांचे रिव्ह्यू, मराठीतून. नियम एकच: जे घडलं तेच लिहायचं.

*

पहिला रिव्ह्यू श्रुतीचा. "माणूस अगदी सज्जन. फिल्टर कॉफी अप्रतिम."

"अगं, घर कसं होतं?"

"घर कुठे दाखवलं? किल्ली मालकाकडे, मालक तिरुपतीला."

"मग ते लिही ना!"

तिने ते वाक्य घातलं. कॉफीचं मात्र काढलं नाही. म्हणाली, "तीही घडलीच होती."

*

तिरुवान्मियूरच्या एका ब्रोकरने निखिलला 'सी व्ह्यू' म्हणून फ्लॅट दाखवला. खिडकीतून शेजारच्यांचं वाळत घातलेलं धुणं दिसत होतं. निखिलने रिव्ह्यूत एकच शब्द लिहिला: फ्रॉड.

मी तो परत पाठवला. शिव्या वाचून कुणाला घर मिळत नाही, नेमकं काय झालं ते लिही म्हटलं.

मग त्याने लिहिलं, "समुद्र दिसतो. त्यासाठी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. शिडी मजबूत आहे."

दुसऱ्याच दिवशी दोघा वाचकांनी त्या ब्रोकरचा नंबर मागितला.

*

जुलैच्या उत्तरार्धात अचानक सगळे रिव्ह्यू वाईट यायला लागले. अमका फोन उचलत नाही, तमका 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो. एकाच वेळी सगळे? माझं डोकं तापलं. भाडी वाढवायला ब्रोकरांनी केलेलं हे संगनमत आहे, असा जळजळीत लेख मी साइटवर टाकला.

त्यावर सेतुरावांचा फोन आला. हे नंगनल्लूरचे ब्रोकर, मूळचे तंजावरचे मराठी. घराणं कित्येक पिढ्या तिकडेच, त्यामुळे त्यांची मराठी आमच्या पणजोबांच्या वेळची.

"आम्ही संगनमत केलें, असें तुम्हीच लिहिलें का?"

"तुम्ही फोन उचलत नाही, सेतुराव."

"आडी मास आहे, बाबा. आडींत इथें कोण घर बदलतो? तुमच्या गांवीं पितृपक्षांत नवें घर घेतात का?"

मी लेखाखाली दुरुस्ती टाकली. ती लेखापेक्षा लांब झाली.

*

आडी संपल्यावर सेतुरावांनी निखिलला हाताशी धरलं. पहिला प्रश्न, "मासे खातां?"

निखिल रत्नागिरीचा. खोटं बोलवेना. "फक्त रविवारी."

सेतुरावांनी विचार केला. "रविवार नको. बुधवारीं खा. बुधवारीं मालक मुलीकडे तांबरमला जातो."

हे रिव्ह्यूत घालावं की नाही, यावर आमची बरीच चर्चा झाली. श्रुती म्हणाली, "आतापर्यंतची सगळ्यात उपयोगी माहिती हीच आहे. आणि मालकाला मराठी येत नाही."

ते घर शेवटी एका बँकेतल्या कुटुंबाला गेलं.

*

मग सासऱ्यांचा निरोप आला: दिवाळीपर्यंत घर झालं नाही तर ते दुसरं स्थळ बघणार. निखिलचं जेवण सुटलं.

सेतुराव आम्हा दोघांना एका मामींकडे घेऊन गेले; इकडे वयस्कर बाईंना मामीच म्हणतात. एकट्याच राहायच्या, वरचा मजला रिकामा. सेतुरावांनी सासऱ्यांची अट सांगितली. मामींनी मान हलवली. बायको आण, मग ये.

सेतुराव वाद घालत बसले नाहीत. निखिलचा मोबाईल घेतला, साताऱ्याला सासऱ्यांना लावला, मामींच्या हातात दिला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मामींना तमिळशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. सासऱ्यांना मराठीशिवाय.

मामी बोलत राहिल्या. मध्येच विहिरीकडे हात केला, मध्येच आवाज चढवला. पलीकडून सासऱ्यांचा खणखणीत आवाज आम्हालाही ऐकू येत होता. ते मुलीच्या लहानपणीच्या आजारपणाचं काहीतरी सांगत होते. मामी थांबून ऐकायच्या, "आमा, आमा" म्हणजे "हो, हो" म्हणायच्या. शेवटी त्यांनी पदराने डोळे पुसले आणि फोन निखिलला दिला.

सासरे म्हणाले, "बाई आपल्यातल्याच वाटल्या हो. गुरुजींना विचारून तारीख कळवतो."

मामी किल्ली आणायला आत गेल्या.

मी बाहेर धावलो. "सेतुराव, तुम्हाला दोन्ही भाषा येतात. तुम्ही मध्ये बसून सांगायला नको होतं का, कोण काय म्हणतंय ते?"

ते चपला शोधत होते. म्हणाले, "सांगितलें असतें, तर दोघांसही कळलें असतें ना."