न मिळालेला कडू घास

आई गेली तेव्हा मी रडले नाही. रडायला वेळच नव्हता, असं मी लोकांना सांगायची, पण ते खोटं होतं. बाबा समोरच्या खुर्चीत बसलेले होते. मी रडले तर ते कोसळतील अशी मला भीती होती. म्हणून ओठ आवळून मी सगळ्यांसाठी चहा करत राहिले.

या हिंदी शहरात, विजय नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये माणसं येत होती, जात होती. शेजारच्या भाभीजींनी पुरी-भाजी पाठवली. नागपूरचे नातेवाईक सकाळी आले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. जो तो मला म्हणे, "संभालो अपने आप को, बेटा. पापाजी को अब तुम्हें ही देखना है." मी स्वतःला इतकं छान सांभाळलं की मी नोकरी करते त्या बँकेतल्या लोकांनी कौतुक केलं. कौतुक कसलं डोंबलाचं! आतून माझं लाकूड झालं होतं.

बाबाही रडले नाहीत. आम्ही दोघं समोरासमोर बसून वरण-भात गिळायचो आणि टीव्हीवरच्या बातम्यांबद्दल बोलायचो. हळूहळू तेही बंद झालं. बाबांचं जेवण अर्ध्या पोळीवर आलं. डॉक्टरला दाखवलं, तर रिपोर्ट सगळे चांगले. आई गेली ती गेली, आता बाबाही माझ्या डोळ्यांदेखत चालले होते आणि काय करावं ते मला सुचत नव्हतं.

आईपेक्षाही आईचं बोलणं मला जास्त आठवायचं. बाहेर दिवसभर हिंदी, आणि घरी आम्ही दोघं मुके. "काहून वं, अशी काहून बसून राहिली?" असं विचारणारं या शहरात आता कुणी नाही, या विचारानं जीव तुटायचा. पण डोळ्यांत पाणी म्हणून येत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात कुकरची रिंग घ्यायला कमानिया गेटच्या बाजारात गेले. भांड्यांच्या दुकानात एक म्हातारी बाई झाऱ्यासाठी घासाघीस करत होती. "भैया, ठीक-ठीक लगाओ," असं दुकानदाराला म्हणाली आणि तोंड फिरवून पुटपुटली, "लुटून राहिला मेला!"

अगदी आई! तीही भाव हिंदीत करायची आणि शिव्या मराठीत घालायची, आणि तिला वाटायचं कुणाला कळत नाही. मला हसू आलं. हसता हसता भर दुकानात मी हमसून हमसून रडायला लागले. "अरे दीदी, क्या हुआ?" म्हणत दुकानदारानं घाबरून पंखा लावला, तोही ऐन थंडीत.

म्हातारीनं मला पायरीवर बसवलं. "काहून वं बाई, का झालं?" झालं, मग तर मला आवरेचना. मी आईचं सांगितलं. तिनं मला गप्प केलं नाही. "रड," म्हणाली, "रडून घे चांगली. मले काही घाई नाही."

इतके महिने आई आठवली की दवाखान्यातला तिचा चेहराच समोर यायचा. त्या पायरीवर पहिल्यांदा ती मला पिशवी सावरत भाव करताना दिसली.

रडणं ओसरल्यावर म्हातारीनं विचारलं, "कडू घास कोणं देला तुमाले?"

आमच्याकडे माणूस गेलं की घरात चूल पेटत नाही. बाहेरचं कुणीतरी जेवण आणतं आणि घरच्यांना पहिला घास आपल्या हातानं भरवतं. तो कडू घास. तो घेताना माणूस रडतोच. नागपूरच्यांना वाटलं, इथल्यांनी दिला असेल. इथल्यांनी पाठवलेलं जेवण मीच सगळ्यांना वाढलं. आम्हा बापलेकीला कुणी भरवलंच नव्हतं. मी तिला तसं सांगितलं.

"असं कसं वं!" म्हातारी चिडलीच. तिनं पिशवीतून पुडा काढला. दीक्षितपुऱ्यातल्या आपल्या घरी न्यायला घेतलेली खोव्याची जिलबी होती. तुकडा मोडून तिनं माझ्या तोंडाशी धरला. "घे. दुसरं काही नाही माझ्यापाशी." ती तळून काळी झालेली, पाकानं निथळणारी जिलबी मी रडत रडत खाल्ली. किती दिवसांची भूक लागली होती, ते तेव्हा कळलं.

कुकरची रिंग दुकानातच राहिली. म्हातारीनं हातात दिलेली उरलेली जिलबी घेऊन मी तशीच घरी आले. बाबा खुर्चीत बसलेले होते.

"बाबा, आ करा."

"हे काय?"

"कडू घास."

घरच्या माणसानं तो द्यायचा नसतो, हे मला ठाऊक होतं. पण आता बाहेरचं कोण येणार होतं? बाबांनी घास घेतला आणि खूप वेळ चावत राहिले.

"मी वाट पाहून राहिलो होतो वं," ते म्हणाले. "मले वाटलं, कोणीतरी देईल."

मग माझा हात घट्ट धरून बाबा रडले. शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रडले. मी त्यांना गप्प केलं नाही, त्यांच्या शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा आ केला.