चेतनला जपताना

आमचा चेतन समाधानी मुलगा होता. मग आम्ही त्याच्या समाधानाची काळजी घ्यायला लागलो.

झालं असं, शाळेत पालकसभा होती. भंडाऱ्याहून आलेल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "दहावीतली मुलं मनात कुढतात. गप्प राहतात, दार लावून बसतात. ओरडू नका, जपा!" आमचा पोट्टा हेच तर करत होता! (वर्गातले सगळेच करत होते, हे मला सुचलं नाही.)

करडीला, आमच्या गावी, पोचताच मी ह्यांना स्वयंपाकघरात ओढलं. "आजपासून ओरडाचं नाई. गोड बोला!"

"गोड म्हंजे कसं?" ह्यांनी खरंच विचारलं.

संध्याकाळी चेतनने ओला टॉवेल पलंगावर फेकला. मी हसून उचलला. "राहू दे बेटा." चेतन दचकला! बापाने तर जन्मात पहिल्यांदा त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि "तू सुखी राहा, मले आणखी काही नको," म्हणून डोळे पुसले. आम्ही दोघं भांडायचंही विसरलो. नुसती कुजबुज! पोरगा जेवेनासा झाला.

"पाहा, म्हटलं होतं ना!" मी म्हणाले, आणि गोडवा आणखी वाढवला.

रविवारी चेतन घरातून गायब! मैदानावर नाही, मित्राकडे नाही, तलावाच्या पाळीवरही नाही. तेवढ्यात गावातल्या डॉक्टरांचा फोन आला. "वहिनी, लवकर या. चेतन इथं रडून राहिला. बाबाजवळ किती दिवस उरले, म्हणून विचारून राहिला!"

मी किंचाळतच ते ह्यांना सांगितलं. शेतातली धानाची रोवणी सोडून चिखलासकट धावत आलेले हे अंगणातच मटकन बसले. "मले काय झालं? मले काहून नाई सांगितलं?"

दवाखान्यात चेतन बापाच्या गळ्यातच पडला. "तुमी लपवून राहिले ना? आई ओरडत नाई, बाबा रडते... मले वाटलं, बाबाले काही मोठं झालं!"

डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. पोरगा ठणठणीत. बापाचं बीपी मात्र नुकतंच वाढलेलं!

मलाही रडू फुटलं. "अरे, तूच तर दार लावून बसून राहिला होता!"

"मोबाईल पाहून राहिलो होतो."

काय? दहावीत? डॉक्टरांसमोर, पेशंटांसमोर मी अशी कडाडले की कंपाउंडरच्या हातातली बाटली पडली. चेतनचा चेहरा खुलला. "बाबा, आई बरी झाली!"

घरी येऊन त्याने दोनदा भात मागून घेतला. माझ्या ओरडण्याने कोणाला भूक लागते, हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं!