हिंमतरावांची जीप आणि सागाची चकती

देऊळघाटचे हिंमतराव जीप चालवायचे त्या काळात बुलढाण्याच्या माणसाला रेल्वे गाठायची तर मलकापूरला उतरावं लागायचं, आणि परतताना राजूरचा घाट चढावा लागायचा. हिंमतरावांची जीप लष्कराच्या लिलावातली, पेट्रोलवर चालणारी. त्रेसष्ट साली त्यांनी ती आणली आणि तिचा हिरवा रंग खरवडून निळा दिला. मलकापूरला रेल्वेतून उतारू उतरले की हिंमतराव त्यांच्या ट्रंका स्वतः उचलायचे, म्हाताऱ्यांना पुढे बसवायचे आणि घाट लागेपर्यंत सगळ्यांची गावं, नाती विचारून घ्यायचे. म्हातारपणी त्या दिवसांचा विषय निघाला की त्यांना सगळ्यात आधी आठवायचा तो चौसष्टचा मे महिना.

त्या महिन्यात एके दिवशी जीपमध्ये नांदुऱ्याकडची एक वीस-बावीस वर्षांची मुलगी होती, कोकिळा नावाची. शाळेवर मास्तरीण म्हणून लागायचं होतं तिला. बुलढाण्याला अकरा वाजता मुलाखत होती. मलकापूरहून नऊला निघाले, आणि घाटाच्या तिसऱ्या वळणावर जीपने दोन आचके दिले न् जागच्या जागी बसली.

रोग जुनाच होता. उन्हाळ्यात चढावर इंजिन तापलं की त्याची धग कार्ब्युरेटरला लागायची, आतलं पेट्रोल उकळायचं, त्याची वाफ व्हायची आणि इंजिनाला काही मिळायचंच नाही. ओला फडका टाकून गार होईपर्यंत बसून राहायचं, याशिवाय इलाज नव्हता.

"किती वेळ लागन हो भाऊ?" कोकिळेने विचारलं.

"तासभर तरी लागते बाई. लई तापली आज."

कडेच्या दगडावर बसून तिने भाकरीचं फडकं सोडलं आणि अर्धी भाकर हिंमतरावांपुढे धरली. "घ्या. तुमच्या हातात काय आहे त्याच्यात."

बुलढाण्यात पोचेपर्यंत साडेबारा झाले. नावं पुकारून झाली होती. कचेरीच्या पायऱ्या उतरून ती आली, पदर सारखा केला आणि परत जायला गाडी कधी मिळेल एवढंच तिने विचारलं. ती रागावून चार शब्द बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, असं हिंमतराव पुढे कितीतरी वेळा म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते पुंजाजी सुताराकडे गेले. पुंजाजी त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त, कानाने कमी, पण हाताचं काम फार बारीक. त्याच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून मोठ्याने बोलावं लागे.

"इंजिन आन कार्ब्युरेटरच्या मधात लाकूड टाकतो," हिंमतराव म्हणाले. "मंग धग वर चढणार नाही. बोटभर जाड चकती दे मले, मधात भोक पाडून."

"जळन ना बे ते."

"तेवढी आग नसते तिथं. साग आहे का तुह्याजवळ?"

"आहे, पण ओला आहे. चार महिने वाळू दे."

"चार महिन्यात उन्हाळाच जाते. आजच दे."

चकती बसली, आणि पंधरा दिवस भर उन्हात घाट चढूनही जीप एकदाही थांबली नाही. हिंमतराव अगदी खुशीत होते. मग नवंच दुखणं सुरू झालं. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की क्षणभर काहीच व्हायचं नाही. गाडीने ऐकलंच नाही असं वाटायचं, आणि मग एकाएकी ती उसळी घ्यायची. एकदा कडब्याच्या बैलगाडीला ओलांडायला गेले, तर ऐन बाजूला आल्यावर जीप ढिम्म. बैल बुजले, गाडीवान शिव्या देत पार घरादारापर्यंत पोचला, आणि तेवढ्यात जीपने अशी उडी मारली की मागच्या सगळ्या बायका एकमेकींच्या मांडीवर.

हिंमतरावांनी प्लग बदलले, कार्ब्युरेटरचं जेट साफ केलं, पॅडलची दांडी लहानमोठी करून पाहिली. बुलढाण्याचा मेकॅनिक म्हणाला, लाकूड काढून फेका. ते त्यांना जमेना. चकती काढली तर पुन्हा घाटात माणसं बसवून ठेवायची, हे त्यांच्या डोळ्यांपुढे यायचं. मग ते वळण यायच्या आधीच पाय दाबायला शिकले. नवरीला सासरी सोडायला जायचं तरी त्यांच्या मनात आधी वळणंच यायची.

पाऊस उघडल्यावर पुंजाजीच एक दिवस म्हणाला, "चालू कर, पाहू दे." इंजिन धडधडत असताना त्याने बोट थुंकीने ओलं केलं आणि चकतीभोवती हळूहळू फिरवलं. एका जागी थांबला. "इथं वारा आत ओढून राह्यली." मग त्याने त्या जागी तेलाचे चार थेंब सोडले. थेंब आत गेले, फट क्षणभर बुजली आणि इंजिनाचा आवाज एकदम भरून आला. पुंजाजीला तो ऐकू आला नाही. तो हिंमतरावांच्या तोंडाकडे पाहत होता आणि त्यावरूनच त्याला कळलं.

"वाळलं लाकूड, वाकलं," तो म्हणाला. "मी सांगतलं होतं."

"हाव. सांगतलं होतं."

दुसरी चकती पुंजाजीने बापाच्या घरच्या पडलेल्या दाराच्या चौकटीतून काढली. चाळीस वर्षं उन्हापावसात मुरलेला साग होता तो. दोन दिवस घासून घासून त्याने ती काचेवर ठेवली तरी हलणार नाही अशी सपाट केली. त्या दिवसापासून पाय आणि जीप एकाच वेळी चालू लागले.

पुढच्या मे महिन्यात कोकिळा मलकापूरला पुन्हा उतरली. हिंमतरावांना पाहून घुटमळली. "एसटी गेली का हो?"

"गेली. बसा बाई, आता नाही थांबत जीप."

तिसरं वळण आलं. वळण गेलं. दहा वाजून वीस मिनिटांनी ती कचेरीच्या दारात होती. हिंमतराव दुपारपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून राहिले, त्या दिवसाच्या बाकीच्या फेऱ्या बुडवून. जुलैत तिची नेमणूक झाली, तीही देऊळघाटलाच. अकरा वर्षं कोकिळाबाईंनी तिथे शिकवलं. पुंजाजीच्या दोन्ही पोरी त्यांच्याच हाताखाली सातवी झाल्या.

एकोणऐंशी साली हिंमतरावांनी जीप साखरखेर्ड्याच्या एका शेतकऱ्याला विकली. पोचवायला दोघं मित्र गेले. हिंमतरावांनी त्या माणसाला चकतीबद्दल सगळं समजावून सांगितलं, कुठे तेल सोडून पाहायचं तेही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी तं डिझेलचं इंजिन टाकणार आहे हिला. त्याले कार्ब्युरेटरच लागत नाही." हिंमतराव म्हणाले, "चांगलं आहे. कमी खर्चात चालन."

एसटीने ते बुलढाण्याला आले. देऊळघाटची गाडी निघून गेली होती. ऊन उतरत होतं, म्हणून दोघं पायीच निघाले. सोळा वर्षं हिंमतरावांनी हा रस्ता गाडीतूनच केला होता. वाटेत एका शेताच्या कडेला दगडी बांधणीची विहीर लागली, पायऱ्या असलेली, स्वच्छ पाण्याची.

"ही कधी खोदली बे?" त्यांनी विचारलं.

पुंजाजीला ऐकू गेलं नाही. हिंमतराव त्याच्या समोर जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने पुन्हा विचारलं.

"आपल्या जन्माच्या आधीची आहे," पुंजाजी म्हणाला, आणि दोघं पाणी प्यायला पायऱ्या उतरले.