लाकडी पाचर

चिंचवडच्या टेलिफोन एक्स्चेंजात चांदभाई मेकॅनिकला सगळे वस्ताद म्हणत, आणि चांदभाईंना त्यात काही वावगं वाटत नसे. "फोन करणारा पळतो राव, पण त्याची वाट मागं राहते," असं ते छाती फुगवून सांगत.

चौऱ्याहत्तर साली पिंपरीच्या एका कारखान्यातल्या टेलिफोन ऑपरेटर सुमनताई त्यांच्याकडे आल्या. कोणी मेला रोज दुपारी बाहेरच्या लाईनवरून, आवाज बदलून त्यांना घाणेरडं बोलत होता. नवरा अंथरुणाला खिळलेला, चूल पेटायची ती त्यांच्याच पगारावर. आणि कारखान्याचे ऑफिसर सोपानराव रोज कळवळून म्हणायचे, "बाईमाणसानं हे कशाला सोसायचं? राजीनामा मीच टाइप करून ठेवलाय, फक्त सही करा."

"शिवी ऐकली की तुमी काय करता?" चांदभाईंनी विचारलं.

"लगेच बोर्डावरची पिन खेचते."

"इथंच तर घोडं पेंड खातं! पिन निघाली की सगळी वाट पुसली जाते. उद्या पिन काढायची न्हाई ताई. ऐकत ऱ्हायचं. बाकी माझ्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लाईनवरून सुमनताईंचा निरोप आला, "आलाय." चांदभाईंनी त्यांच्या नंबराशी जोडला गेलेला स्विच शोधला आणि त्यात लाकडी पाचर ठोकली. आता त्या हरामखोरानं फोन ठेवला तरी लाईन सुटणार नव्हती. मग या स्विचला कोणी जोडलं, त्याला कोणी, असं तारेतारेनं उलटं जात ते पहिल्या नंबरावर पोचले आणि दुसऱ्या लाईनवरून त्यांनी सुमनताईंना कळवलं.

"ताई, नंबर तुमच्याच कारखान्याचा हाय. सोपानरावांच्या केबिनीतला."

त्या केबिनीचा फोन बोर्डावरून जात नसे, थेट एक्स्चेंजला येई. सोपानरावांची भाची ऑपरेटरचं काम शिकून नोकरीची वाट बघत होती, हे सुमनताईंना तेव्हा आठवलं. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली, पण पिनेवरचा हात हलला नाही.

इकडे चांदभाई लाईनला कान लावून बसले. सोपानरावांनी शिव्या संपवून फोन ठेवला, आणि थोड्या वेळानं दुसऱ्या कोणाला तरी फोन लावायला रिसीव्हर उचलला. "हॅलो? कोण आहे लाईनवर?"

"मीच आहे, सोपानराव," सुमनताई म्हणाल्या. "तुम्ही टाइप केलेला राजीनामा माझ्यापुढंच आहे. त्यावरचं नाव तेवढं बदलून मोठ्या साहेबांकडे पाठवू का?"

चांदभाईंनी पाचर तशीच राहू दिली आणि चहा मागवला.