शांताक्का चुडा भरायला निघाली

शांताक्का उद्या धडधाकट परत येईल ना, हा विचार संध्याकाळपासून डोक्यातून जात नाही.

ती आमच्या गावची कासारीण. येरमाळ्याच्या बाजूच्या गावांत टोपली घेऊन बांगड्या भरत फिरते. तिला स्वतःला सातवीतून उठवून मांडवात उभं केलं होतं. मुली कमी म्हणून आमच्या गावातलं मुलींचं छोटं कॉलेज बंद करायचं संस्थेने ठरवलं, तेव्हा आम्ही पालकांनी सभा घेतल्या, निवेदनं दिली. प्रवेश वाढवले ते शांताक्काने.

"बांगडी अर्ध्यावर आली की बाई उठून जात न्हाय," ती हसत सांगायची. "तवर मी तिच्या पोरीच्या कालेजाचा इषय काढती."

गेल्या आठवड्यात मात्र तिचं चुकलं. शेजारच्या गावातल्या, दुसऱ्या वर्षाच्या हर्षालीला घरच्यांनी लग्नासाठी कॉलेजातून काढलं. तिचा चुडा भरायला बोलावणं आलं, तर शांताक्का नाही म्हणाली. कासारणीने नवरीला चुडा नाकारणं म्हणजे अपशकुनच. हर्षालीच्या चुलत्याने, बब्रुवानने, निरोप धाडला: पुन्हा गावात दिसलीस तर टोपलीही मोडीन आणि हातही. तिथल्या बाकीच्या मुलींचे वडीलही आता प्रवेश काढून घ्यायचं म्हणतायत. तेवढ्या मुली गेल्या की कॉलेज संपलं. मग माझ्या लेकीला, अर्पिताला, रोज कळंबच्या कॉलेजात पाठवणार नाही, असं तिच्या बाबांनी बजावलंय.

आज शांताक्का म्हणाली, चुडा भरायला जाते. मला हायसं वाटलं. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"भरीन की. पण पोरीचा हात धरून चार बायांदेखत इचारीन, शिकायचंय का तुला. न्हाय म्हणली तर गप भरून येती."

"आणि हो म्हणाली तर?"

"तर तिच्या आईकडं तिथंच पोरीला शिकवायचा शब्द मागती."

तिला अडवायचं म्हणून मी मघाशी फोन हातात घेतला होता. पण ती गेली नाही तर त्या गावाचा राग तसाच राहील, आणि एकटी गेली तर दारात बब्रुवान असेल.

हर्षालीची आई कमलबाई मला पालकसभेत भेटल्या होत्या. सगळा वेळ लेकीच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या. नंबर आहे माझ्याकडे. झोपल्या असतील, तरी त्यांनाच लावते. उद्या शांताक्काबरोबर मीही येतेय, हे त्यांना आधी कळलेलं बरं.