मोहितेसाहेबांचा उजवा हात

मोहितेसाहेब दचकले की त्यांचा उजवा हात कमरेवर जायचा. कुठं दार आपटो, बसचा ब्रेक करकचो, नाहीतर माझ्या हातून चमचा पडो. तो भलामोठा पंजा स्वेटरखाली शिरून पट्ट्यापाशी थांबायचा. मग ते ओशाळं हसायचे. म्हणायचे, "माणसाची भीती डोक्यात नसते पोरी, कमरेत असते."

ते मुंबईतले निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर. बायको गेल्यावर मुलीनं, शुभदानं, त्यांना इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला आणलं. आम्ही त्यांचे शेजारी. नवऱ्याच्या वर्क व्हिसावर आलेली मी दिवसभर घरीच असायचे, त्यामुळे शुभदा कामावर निघताना सांगायची, "बाबा कर्टन्स ओढून बसतात गं. शॉप्सना जाशील तेव्हा प्लीज त्यांना घेऊन जा ना."

कर्टन्स ओढायला कारण होतं. साहेबांनी एका गुंडाला जन्मठेपेपर्यंत पोचवलं होतं. कोर्टातून जाताना तो थंडपणे म्हणाला होता, "साहेब, सुटलो की भेटायला येतो." त्यानंतर साहेबांनी स्वतःच्या लायसन्सवर पिस्तूल घेतलं, तेही मोठं. "सगळे म्हणत होते लहान घ्या, लपतं. पण या पंजात लहान पिस्तूल म्हणजे जत्रेतलं खेळणं." मग ते धूड रोज अंगावर वागवता यावं म्हणून त्यांनी काय काय केलं, ते पुरणपोळीची कृती सांगावी इतक्या मायेनं सांगायचे. मुठीच्या जाड पट्ट्या काढून पातळ बसवल्या. शर्टात अडकणारे कोपरे कारागिराकडून गोल करून घेतले. पँटच्या आत बसेल असं मऊ चामड्याचं म्यान शिवून घेतलं, आणि शर्ट कायमचे एक माप मोठे. "हत्यार अंगावर असावं, अंगाला कळू नये." बायको म्हणे चिडवायची, माझ्यापेक्षा तेच तुमच्या जास्त जवळ असतं.

इकडे येताना ते पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा झालं. पण त्याच सुमारास तो गुंड सुटला होता.

खंडेनवमीला शुभदानं मला पूजेला बोलावलं. पाटावर कात्री, सुरी, लॅपटॉप, गाडीची किल्ली मांडलेली, आणि मधोमध हळदकुंकू वाहिलेलं काळंभोर पिस्तूल. मी दारातच थबकले. त्याच वर्षी लंडनमध्ये स्फोट झाले होते. ज्या देशात पोलिसाच्या हाती बंदूक दिसायची नाही, तिथं स्टेशनावर बंदूकवाले पोलीस उभे राहायला लागले होते. साहेब हसले. "लाकडाचं आहे गं. आत शिसं भरलंय." शुभदाही हसली. तिला वाटत होतं, बाबांनी ते पूजेपुरतं केलंय.

आठवड्याभरानं बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले आणि माझ्या कुशीला काहीतरी टणक टोचलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

उतरल्यावर मी भांडलेच. "अहो, इथं नकली पिस्तूल घेऊन फिरलं तरी पकडतात! कुणी खरं समजून गोळी घातली म्हणजे?"

"ठाऊक आहे. पोलीसच होतो मी."

"मी शुभदाला सांगणार."

"सांग. मग मी दाराबाहेर पाऊल टाकायचा नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, मी घाबरट माणूस आहे. शूर माणसाला कशाला लागतंय हे?"

मला त्यांची कीव आली आणि भीतीही वाटली. भीती जास्त. लाकूड एक वेळ लपलं असतं, पण तो हात! कुणी नुसतं ओरडलं तरी तो कमरेकडे जाणार, आणि समोरच्याला ते लाकूड आहे हे कसं कळणार? शेवटी मला बायकी उपाय सुचला. घरातून निघतानाच मी त्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या द्यायला लागले. "धरा हो जरा," म्हणायचं आणि परत घ्यायच्याच नाहीत. जाताना कुणाचे परत करायचे डबे, येताना तांदूळ, कांदे, बटाटे. साहेबांना डाव कळला असणार, पण पिशव्या ते धरून ठेवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा दुकानात वरच्या फळीवरचे पापड काढायला त्यांनी हात उंचावला, आणि स्वेटर वर सरकला. मागे उभी असलेली एक बाई पांढरीफटक पडून बाहेर गेली. मला ते दिसलं, पण अर्थ लागला तो बसस्टॉपवर, दोन गाड्या करकचून थांबल्या तेव्हा.

"आर्म्ड पोलीस! स्टँड स्टिल!"

साहेब दचकले. त्यांच्या उजव्या हातातली पिशवी हलली, बोटं उघडायला लागली. समोर बंदुका रोखलेल्या. मी इंग्रजी साफ विसरले. ओरडले ते मराठीतच, "साहेब, अंडी आहेत! पिशवी सोडू नका!"

बोटं मिटली.

पोलिसांनी सांगितल्यावर साहेबांनी पिशव्या हळूच खाली ठेवल्या, अंड्यांची आधी, आणि दोन्ही हात स्वतःहून डोक्यावर नेले. त्यांना घेऊन गेले. शुभदा रडत पोलीस स्टेशनवर धावली. संध्याकाळी ताकीद देऊन सोडलं. लाकडी पिस्तूल मात्र तिथंच राहिलं. अंडं एकही फुटलं नव्हतं. मी घरी येऊन ती सगळी उकडली आणि गॅसपाशी उभी राहून ढसाढसा रडले.

त्यानंतर साहेब बाहेर निघायचे ते दारात उभे राहून, दोन्ही हात पुढं करून. "आण गं माझ्या पिशव्या." नेण्यासारखं काही नसलं तर रिकाम्या न्यायचे. भीती गेली नव्हती. दार आपटलं की पिशवी हिंदकळायची.

दोन वर्षांनी ते हॉस्पिटलमध्ये होते. बोलणं बंद झालेलं. मशीन वाजलं की पांघरुणाखाली उजवा हात कमरेपाशी चाचपायचा, काही सापडायचं नाही, पुन्हा चाचपायचा. चेहऱ्यावर इतकी भीती की बघवत नव्हतं.

"बाबांना काही टोचतंय का गं?" शुभदा मला विचारत होती.

मी पर्समधली घडी केलेली कापडी पिशवी काढली, तिचे बंद त्या मोठ्या पंजात दिले आणि कानाशी वाकले. "साहेब, अंडी आहेत."

बोटं मिटली. शेवटपर्यंत ती पिशवी त्यांनी सोडली नाही.